अकरा मिनिटांची तपासणी

नवी यंत्रं आली आणि चाळीस मिनिटांची तपासणी अकरा मिनिटांत उरकायला लागली, तेव्हा सगळ्या मजल्यावर आनंदीआनंद झाला. साहेबांनी ते आकडे फळ्यावर लिहून ठेवले. कुणीतरी केक आणला. टाचणीनं केक खाल्ला, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

टाचणी हे तिचं ऑफिसातलं नाव. ती चाचणी विभागात होती, आणि जिथं फुगा दिसेल तिथं टोचल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिची बोट घालायची खोड सगळ्यांना माहीत होती. कंपनी लिफ्ट चालवणारे प्रोग्राम बनवायची. लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबायची, दार किती वेळ उघडं ठेवायचं, कुणी मध्ये आलं तर दार मागं कसं घ्यायचं, हे सगळं त्यात असे. माणसांनी लिहिलेला तो प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तो वेगळा, त्याची आवृत्ती वेगळी. म्हणून तपासणी, म्हणजे तीही एक प्रोग्रामच, सुरू झाली की पहिली गोष्ट हीच विचारायची, की या यंत्रावर कंपायलर कुठला आणि कितवा? मग त्याला लागू असतील त्याच चाचण्या चालवायच्या, बाकीच्या वगळायच्या.

ही सगळी तपासणी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, ताईनं लिहिलेली होती.

ताई म्हणजे टाचणीची नणंद. नवऱ्याची सख्खी थोरली बहीण. बारा वर्षं कंपनीत, साहेबांच्या खालोखाल तिचा शब्द. अख्खं ऑफिस तिला ताईच म्हणायचं, त्यामुळे टाचणीला घरात आणि दारात एकच हाक मारावी लागे. वडील गेले तेव्हा ताईनं धाकट्या भावाला वाढवलं, स्वतः लग्न केलं नाही, आणि हे ती कधी बोलून दाखवत नसली तरी घरातल्या भांड्याकुंड्यांनासुद्धा ते पाठ होतं. राहायला ती टाचणीच्याच इमारतीत दोन मजले खाली, पण जेवायला वरच. टाचणीला या कंपनीत चिकटवलं तेही तिनंच. "घरातली आहे म्हणून शब्द टाकलाय," ती तेव्हा म्हणाली होती, "मला खाली बघायला लावू नकोस."

ती आठी पाच महिने टिकली, आणि एके दिवशी टाचणीनं त्या अकरा मिनिटांची नोंद उघडली आणि ओळ न् ओळ वाचायला घेतली. असल्या नोंदी कुणी वाचत नाही. शेवटी हिरवी खूण दिसली की माणसं पुढच्या कामाला लागतात. चारशेव्या ओळीच्या आसपास तिला सापडलं. कंपायलर सापडला, आवृत्ती एक. आणि त्याखाली, फार जुना असल्यामुळे दोनशे तेरा चाचण्या वगळल्या.

यंत्रावर कंपायलर होता दहाव्या आवृत्तीचा. ताईच्या प्रोग्रामनं आकड्यातला पहिला अंकच वाचला होता. चारपासून नऊपर्यंत ते खपून गेलं. दहा आले आणि दहाचा एक झाला. ज्या चाचण्या सगळ्यात वेळखाऊ, त्याच नेमक्या गळाल्या. यंत्राचा वेग जेवढा वाढला होता त्याहून जास्त काम कमी झालं होतं, आणि गेले पाच महिने मजलाभर लोक त्याचंच कौतुक करत होते.

ती उठून ताईच्या टेबलाशी गेली. तिथं दोघं प्रोग्रामर उभे होते. ते जाईपर्यंत थांबायला हवं होतं, हे तिला नंतर सुचलं. त्या वेळी ती जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाली, "ताई, दहाची आवृत्ती आपण एक म्हणून वाचतोय. दोनशे तेरा चाचण्या चालतच नाहीयेत."

ताईनं मान वर केली नाही. "कुणी सांगितलं?"

"नोंदीत लिहिलंय."

"नोंदीत बरंच काही लिहिलेलं असतं." आता ताईनं मान वर केली, आणि आवाजही. "ही तपासणी मी लिहिली तेव्हा तू कॉलेजात फॉर्म भरत होतीस. बारा वर्षांत एक लिफ्ट अडकली नाही. कालची आलीस आणि मला वाचायला शिकवतेस?"

दोघा प्रोग्रामरांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. टाचणीचे कान तापले. "शिकवत नाहीये. दाखवतेय."

"दाखवलंस. जा."

तासाभरात ताईनं एक ओळ घातली. एकापुढे शून्य असेल तर ते दहा समजावं. बस्स. टाचणीनं ती ओळ पाहिली आणि निरोप लिहिला, 'अकरावी आवृत्ती आली की?' उत्तर आलं, 'तेव्हाचं तेव्हा.'

म्हणजे फाटलेल्या विजारीला ठिगळ, तेही खिशावर. पण त्या ठिगळानं एक झालं. दोनशे तेरा चाचण्या पाच महिन्यांनी पहिल्यांदा चालल्या, आणि त्यातल्या तीन नापास झाल्या. दोन किरकोळ होत्या. तिसरी दाराची होती.

लिफ्टचं दार मिटत असताना मध्ये कुणी आलं तर ते दाराच्या कडेच्या डोळ्याला दिसतं, आणि दार मागं फिरतं. त्यासाठी प्रोग्रामनं त्या डोळ्याकडे सारखं बघत राहायचं असतं. नवा कंपायलर हुशार. त्यानं विचार केला की ही एकच गोष्ट हा पुन्हा पुन्हा का बघतोय, एकदा बघितलं की पुरे. आणि बाकीचं बघणं त्यानं परस्पर काढून टाकलं. आता दार मिटायला लागण्याआधी कुणी मध्ये असेल तर दिसणार, मिटायला लागल्यावर कुणी आलं तर नाही. गुरुवारी हा प्रोग्राम एका मोठ्या इस्पितळाच्या नव्या इमारतीत जायचा होता. चौदा लिफ्ट.

"त्या चाचण्या जुन्या आहेत," ताई म्हणाली. सोमवार होता. "नव्या कंपायलरवर त्या खोटं बोलतात. काढून टाकणार आहे मी."

"एकदा खऱ्या दारावर बघू या. तळघरात चाचणीच्या लिफ्टचा सांगाडा आहे ना."

"सांगाडा महिनाभर दुसऱ्या कामाला दिलाय."

"मग मी सही करणार नाही."

ताई हसली. असलं हसू टाचणीनं घरात दोन-तीनदा पाहिलं होतं. "तुझी सही लागतेच असं कोण म्हणालं? उद्यापासून तू माहितीपुस्तिका तपासायच्या. शुद्धलेखन चांगलं आहे तुझं."

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं, मग पाण्याचा तांब्या उगाचच उचलून परत ठेवला. "ऑफिसचं ऑफिसात ठेवावं," त्या कुणा एकीकडे न बघता म्हणाल्या.

"ठेवलंच होतं, आई," ताई म्हणाली. "काही लोकांना ताटातलं खाऊन ताटालाच नावं ठेवायची सवय असते."

टाचणीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो घास मोजून चावत होता. बहीण बोलायला लागली की हा माणूस नेहमीच तोंडात मूग धरून बसायचा. तेवढ्यापुरतं त्याला ऐकूही कमी येत असावं. टाचणी अर्ध्या ताटावरून उठली.

मंगळवारी तिनं माहितीपुस्तिकेची नऊ पानं तपासली आणि उरलेल्या दिवसात एक उद्योग केला. पूर्ण ठरवून, डोकं थंड ठेवून केला. हे महत्त्वाचं, कारण पुढं बऱ्याच जणांनी ती भावनेच्या भरात वाहवली असं म्हणून तिला सांभाळून घेतलं. ती अजिबात वाहवली नव्हती.

बुधवारी सकाळी बैठक. साहेब, दहा-बारा माणसं, भिंतीवर पडदा. साहेबांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "उद्या माल जातोय. चाचणी विभागाची काही हरकत?"

"आहे," टाचणी म्हणाली.

"हिला मी या कामावरून काढलंय," ताई म्हणाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं."

टाचणीनं आपलं यंत्र पडद्याला जोडलं आणि तपासणीचा पहिला गट, कंपायलर काम करतो का एवढंच बघणारा, सुरू केला. पडद्यावर ओळी आल्या. कंपायलर सापडला, आवृत्ती नऊ. मग हिरव्या खुणा, एकामागून एक, भराभरा. एकशे नव्वद चाचण्या, एकशे नव्वद उत्तीर्ण. वेळ दोन सेकंद.

"ताई, हे ठीक दिसतंय ना?"

"दिसतंय. मग?"

"यावर तुम्ही सही कराल?"

"रोजच करते." ताईनं खुर्चीत पाठ टेकली. "काय सिद्ध करायचंय तुला?"

"या यंत्रावर कंपायलरच नाहीये, ताई. मी तो काल काढून टाकला." टाचणी हे ताईकडे बघून नाही, पडद्याकडे बघून बोलली. "त्याच्या जागी त्याच नावाची दोन ओळींची फाइल ठेवलीये. एक ओळ म्हणते, मी आवृत्ती नऊ. दुसरी म्हणते, काम झालं. ती बाकी काहीच करत नाही. आपली तपासणी नाव विचारते, नाव ऐकते, आणि पुढं जाते. काम झालं का विचारते, आणि झालं म्हटलं की मान्य करते. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे तिला आजवर कळलेलंच नाही."

कुणीतरी हसलं. एकच जण, आणि लगेच आवरलं, पण ते हसू खोलीभर फिरून आलं. ताईचा चेहरा आधी लाल आणि मग कागदासारखा झाला. टाचणीला त्या क्षणी काय वाटलं हे तिनं पुढं कुणालाच सांगितलं नाही. तिला आनंद झाला होता. दोन वर्षं ऐकलेलं ताटाचं आणि टाकलेल्या शब्दाचं सगळं त्या दोन सेकंदांत वसूल झालं असं वाटलं.

मग तिनं दाराचं सांगितलं. साहेब उठले, दुसऱ्या कामाला दिलेला सांगाडा दुपारपुरता मोकळा करायला लावला, आणि स्वतः तळघरात गेले. मिटत्या दारात पुठ्ठ्याची जाड नळी घातली. दार थांबलं नाही. नळीचा चपटा पट्टा झाला. साहेब तो पट्टा हातात घेऊनच फोन करायला वर गेले. माल थांबला. तपासणीतली कंपायलर ओळखण्याची सगळी वाट नव्यानं लिहायचं काम टाचणीला मिळालं. ते कागद ताईच्या नजरेखालून जातील, असंही साहेब म्हणाले. त्यांना वाटलं आपण मोठा समतोल साधला. प्रत्यक्षात त्यांनी दोन मांजरी एका पोत्यात घालून पोत्याचं तोंड बांधलं होतं.

घरी नवऱ्याला त्या दिवशी बरोबर ऐकू आलं होतं. "चारचौघांत?" तो म्हणाला. "तिला चारचौघांत?"

"आधी एकटीला सांगितलं होतं. मला शुद्धलेखन तपासायला बसवलं."

"मग मला सांगायचंस."

"तू जेवत होतास."

तो फार हळू म्हणाला, "तू बरोबर होतीस हे कळतंय मला. पण ते दोन ओळींचं कशाला केलंस? सरळ सांगितलं असतंस तरी साहेबांनी ऐकलं असतं." यावर टाचणीकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ताईचं ताट सासूबाई खाली नेऊन द्यायला लागल्या. गुडघे दुखत असताना दोन जिने, दिवसातून दोनदा.

टाचणी कामाला लागली. नाव विचारायचंच नाही, असं तिनं ठरवलं. कंपायलरला एक लहानसा प्रोग्राम द्यायचा, तो त्याच्याकडून तयार करून घ्यायचा, चालवायचा, आणि त्याचं उत्तर त्याच्याच तोंडून घ्यायचं. उत्तर आलं नाही किंवा ओळखीचं नसलं, तर गुपचूप वगळायचं नाही. तपासणी तिथंच थांबवायची आणि बोंब मारायची. पाच दिवसांत तिनं ते लिहिलं आणि ताईकडे पाठवलं.

ताईकडून सतरा हरकती आल्या. 'नमस्कार' नाही, 'बघ' नाही, नुसते आकडे आणि वाक्यं. टाचणीनं दात खात वाचायला घेतल्या. पहिल्या दोन निव्वळ खुसपटं. स्वल्पविराम कुठं हवा वगैरे. तिसरी वाचून ती थबकली.

'लिफ्टमधल्या सर्किट बोर्डासाठी काम करणारा कंपायलर बनवतो तो प्रोग्राम या यंत्रावर चालतच नाही. चालवून उत्तर कसं घेणार?'

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. चालवायचं नव्हतंच, कंपायलर वाचतानाच काय सांगतो ते ऐकायचं होतं. सातवी हरकत त्याहून जिव्हारी लागली. 'दोन जातींच्या कंपायलरांपैकी दुसरा स्वतःची खूण तर देतोच, वर पहिल्याचीही देतो. आधी पहिल्याची खूण तपासलीस तर दुसरा कधीच ओळखू येणार नाही. सोनूबाई तुझ्याकडेही आहे.' अकरावी म्हणत होती की एकाच वेळी दोन तपासण्या चालल्या तर दोघींची तात्पुरती फाइल एकाच नावाची होईल आणि एकीचं उत्तर दुसरीला मिळेल. चौदावी, कंपायलरनं तक्रार केली तर ती तक्रार तू गिळून टाकतेस, मग माणसानं शोधायचं कुठं?

सतरापैकी चार खऱ्या. बाकी तेरा नुसतं विष. टाचणीनं चारही दुरुस्त केल्या आणि तेराही, कारण एकही शिल्लक ठेवली असती तर तीच पुन्हा आली असती. परत पाठवलं. त्याच सतरांतल्या नऊ 'नीट झालं नाही' म्हणून परत आल्या. मग पाच. मग दोन. पंधरा दिवस दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि दोघींच्या टेबलांमध्ये दहा फुटांचं अंतर होतं.

दरम्यान दाराची चूक ताईनंच दुरुस्त केली. ते दार बारा वर्षांपूर्वी तिनं लिहिलेलं, दुसऱ्या कुणाला त्यात हात घालायची हिंमत नव्हती. एक शब्द घालायचा होता, कंपायलरला सांगायला की हा डोळा आपोआप बदलतो, याच्याकडे बघणं काढू नकोस. एका दुपारी तो शब्द घातला गेला. ताईनं कुणालाच कळवलं नाही. टाचणीला ते सकाळच्या नोंदीत दिसलं.

नवी तपासणी पहिल्यांदा पूर्ण चालली तेव्हा एकोणतीस मिनिटं लागली. वगळलेल्या चाचण्या सहा, आणि प्रत्येकीपुढं कारण. सगळं हिरवं. दुपारी साहेबांनी सगळ्यांना तळघरात बोलावलं. सांगाड्याचं दार उघडं होतं, पुठ्ठ्याच्या नळ्या कोपऱ्यात तयार होत्या. तिथल्या मेकॅनिकनं एक नळी उचलली.

"ती ठेव," ताई म्हणाली. मग पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती टाचणीकडे वळली. "तुझी तपासणी म्हणतेय ठीक आहे. माझ्या तपासणीला लोक हसले. तुझ्यावर तुझा विश्वास आहे ना? घाल हात."

मेकॅनिकनं नळी खाली ठेवली. साहेब म्हणाले, "अहो, ताई..."

टाचणीनं ताईच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं गंमत नव्हती. चूक असती तर हाड मोडलं असतं, आणि ताईनं ते मोडू दिलं असतं, असं तिला वाटलं. की नसतं दिलं? तो शब्द ताईनंच घातला होता. टाचणी ज्यावर भरवसा ठेवायला निघाली होती त्यातलं अर्धं ताईच्या हातचं होतं, आणि उरलेल्या अर्ध्यातल्या चार गोष्टीही.

तिनं बाही कोपरापर्यंत सारली. मेकॅनिकला म्हणाली, "मिटव." दार सरकायला लागलं. ते निम्म्यावर आलं तेव्हा तिनं हात आत घातला. थंड पत्रा मनगटाला लागला, नुसता लागला, आणि दार मागं फिरलं.

तिनं हात तसाच ठेवला. "पुन्हा," ती म्हणाली. पुन्हा लागलं, पुन्हा फिरलं. तिसऱ्या वेळी ती बाजूला झाली. "आता तुम्ही, ताई. दार तुमचं आहे."

ताईनं हात घातला. दार मागं फिरलं. तिनं हात काढला, रुमालानं पुसला, जणू टाचणीनं पत्रा खराब केला होता, आणि जिना चढून गेली.

माल तीन आठवडे उशिरा गेला. इस्पितळाला कारण काय सांगितलं ते साहेबांनाच ठाऊक. ताईनं बदली मागून घेतली आणि वरच्या मजल्यावर दुसऱ्या विभागात गेली. साहेबांनी दोघींना एकत्र बसवून समेट करायचा एकदा घाट घातला होता. टाचणी आली, ताई आली नाही. दुसऱ्यांदा ताई आली, टाचणीला काम निघालं. घरी सासूबाईंनी जिने चढणं थांबवलं, पण ते गुडघ्यांनी हात टेकले म्हणून. आता ताई आठला जेवून जाते आणि टाचणी साडेआठला बसते. नवरा दोन्ही पंगतींना हजर असतो आणि त्याचं वजन वाढलंय.

चार महिन्यांनी अकरावी आवृत्ती आली. तपासणीनं ती बिनबोभाट ओळखली. टाचणीनं ते मोठ्या समाधानानं नोंदवलं, आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरून एक निरोप आला. त्यावर आकडा होता, त्या सतरांच्या पुढचा, अठरा.

'फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर तुझी तपासणी कंपायलर शोधताना अडखळते. आमच्याकडे आज अडखळली.'

टाचणीनं तसा एक फोल्डर करून पाहिला. अडखळली. तिनं तोंडातल्या तोंडात एक शब्द उच्चारला, जो सासूबाईंपुढं उच्चारता आला नसता. मग दिवसभर खपून ते नीट केलं, त्यासाठी एक चाचणी लिहिली, आणि उत्तर पाठवलं, 'दुरुस्त केलं.' आभार लिहायला बोटं वळली नाहीत. समोरूनही काही आलं नाही.